दुसरा हात

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको. पण आमच्या घरात रक्तदाब वाढला तो माझा नाही, पेंटरचा! जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस, आणि चढलं काय, तर हे.

पेंटर म्हणजे माझा नवरा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, इमारतींवरची माणसाएवढी अक्षरं, सगळं ब्रशने काढतात. सगळे त्यांना पेंटरच म्हणतात आणि मीही. तर एके सकाळी तिसऱ्या मजल्याएवढ्या उंच परांचीवर उभं असताना त्यांना चक्कर आली. खांबाला मिठी मारली म्हणून वाचले. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, तर वरचा आकडा एकशे सत्तर!

"गोळी सुरू करा. तळलेलं बंद, ताजं खा, आणि मीठ दोघांच्या भाजीला मिळून पाव चमचा, वर कणभर नाही," बाई म्हणाल्या. "आकडा एकशे तीसच्या आत येईपर्यंत स्टुलावरसुद्धा चढायचं नाही."

पेंटरचं तोंड एवढंसं झालं. बाहेर आल्यावर म्हणाले, "जमिनीवर उभं राहून काय रंगवू? कुंड्या?"

अर्धा दोष माझाच होता. मी घरी कपडे शिवते. दोन ब्लाउजांच्या मधल्या वेळात स्वयंपाक, म्हणजे काहीतरी तळायचं, मूठभर मीठ टाकायचं आणि ताट आदळायचं. बावीस वर्षं या माणसाने ते मुकाट खाल्लं.

आता पेंटर घरी बसले, म्हणजे नेमके माझ्या स्वयंपाकघरात बसले. आधी नुसत्या सूचना. "भोपळा जास्त शिजतोय का गं? वाटाण्यांचा रंग उडाला बघ." दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सुरी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "उंटावरून शेळ्या हाकू नका. हे गाजर, हे बीट, ही तुमची पाटी. चिरा!"

आणि काय चिरलं हो त्यांनी! गाजराचे तिरके काप, एकूण एक सारखे. बीट उकडून त्याच्या चकत्या, मधे वाफवलेले हिरवेगार वाटाणे, कडेने भाजलेल्या भोपळ्याच्या फोडी, वर डाळिंबाचे चार दाणे. "लालाशेजारी हिरवं ठेवलं की लाल बोलतं," असं वर मलाच शिकवलं.

"खायचंय आपल्याला! प्रदर्शन नाही मांडायचं," मी करवादले. पण त्यात चमचा घालायचं जिवावर आलं होतं.

मग आमची कामं वाटली गेली. चिरायचं त्यांनी, शिजवायचं मी. मीठही मीच घालणार, कारण पेंटरच्या जिभेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मग मी मशीनवर जाऊन बसायची आणि पुढचं ढवळणं, सजवणं त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी आतून विचारलं, "मीठ?"

मी मशीनवरूनच ओरडले, "एक हात मारलाय!"

भिंतीला रंग एकदा दिला की पेंटर लोक त्याला एक हात मारला म्हणतात. बावीस वर्षं ऐकून ऐकून माझ्याही तोंडात ते शब्द बसलेत. मला म्हणायचं होतं, घातलंय, झालं. मग रोज तेच. भांड्यावर झाकण ठेवायचं, "एक हात मारलाय!" ओरडायचं आणि मशीन सुरू करायचं.

आणि जेवणाला चव काय यायची! मी तर फोन करून नणंदबाईंना सुनावलं, "मीठ म्हणजे नुसती सवय हो वन्सं. पाव चमच्यात सगळं भागतं. हाताला चव पाहिजे."

महिन्याने दवाखान्यात गेलो. आकडा एकशे अडुसष्ट. पेंटर खाली मान घालून नखातला बिटाचा रंग काढत बसले. मी मात्र भडकले. "यंत्र बिघडलंय तुमचं! आम्ही गवत खायचं तेवढं बाकी ठेवलंय."

बाई शांतपणे म्हणाल्या, "भाजीत मीठ किती?"

"पाव चमचा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"घालतं कोण?"

"मी," पुन्हा दोघं एकदमच.

मी सावकाश मान वळवली. "तुम्ही? तुम्ही कशाला घालता?"

"अगं, तूच सांगतेस ना रोज, एक हात मारलाय म्हणून!" पेंटर कळवळून म्हणाले. "एक हात झाला म्हणजे दुसरा बाकी. एकाच हातावर काम सोडणारा पेंटर नाही मी. आणि मोजून पाव चमचाच घालायचो हं, जास्त नाही."

बाईंना हे सगळं समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "टाळीला दोन हात लागतात," त्या हसता हसता म्हणाल्या, "मिठाला एकच पुरे." मला रागवायचं होतं, शप्पथ! पण मीच इतकी हसले की बाहेरचे पेशंट डोकावून गेले.

घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. खरोखरच पाव चमचा मीठ म्हणजे अगदी मिळमिळीत जेवण. नणंदबाईंचा फोन मी चार दिवस उचलला नाही. पेंटर चावत राहायचे. म्हणायचे, "पाटी अर्धी सोडून आल्यासारखं वाटतंय गं." मग एक दिवस सुपाच्या वाटीकडे टक लावून बघत बसले, आणि एकदम उठले. लिंबू पिळलं, साल किसून वर भुरभुरवली, भाजलेले तीळ चुरून टाकले.

"दुसरा हात त्याच रंगाचा पाहिजे असं कुठे आहे?" म्हणाले. "घे, चाखून बघ."

मी चाखलं. सूप जागं झालं होतं. मग रोज नवा हात सुरू झाला. कधी पुदिना, कधी भाजलेला लसूण, कधी संत्र्याची साल.

पुढची तपासणी जवळ आली तशी माझी झोप उडाली. आकडा उतरावा असं मला मनापासून वाटत होतं. पण उतरला की हा माणूस परांचीवर जाणार आणि मी एकटी भोपळा ढवळणार! बावीस वर्षं आम्ही एका घरात आपापल्या कामाला जुंपलेलो होतो. आता त्या एवढ्याशा ओट्यापाशी कोपराला कोपर लागत होतं. खोटं कशाला बोलू, मी या वयात नवऱ्याच्या नव्याने प्रेमात पडले होते.

आकडा आला एकशे सव्वीस. पेंटर लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश घेऊन गेले, कमरेला दोर बांधायची शपथ माझ्यासमोर तीनदा घेऊन.

संध्याकाळी मी सूप केलं. गाजराचे काप वाकडेतिकडे झाले. पाव चमचा मीठ घातलं, झाकण ठेवलं आणि सवयीने ओरडले, "एक हात मारलाय!"

घरात कुणीच नव्हतं. मशीनपाशी जाऊन बसले, पण सुईत दोरा ओवता येईना. डोळे भरले होते. वेडी कुठली, मी स्वतःलाच म्हटलं.

"ऐकलं गं, दारापर्यंत आलं ऐकू!"

पेंटर थेट ओट्यापाशी गेले. कोपराला निळा रंग, कानाला निळा रंग. खसाखसा हात धुतले आणि लिंबू उचललं.

"भिंत झाली?" मी विचारलं.

"एक हात झालाय. दुसरा उद्या." त्यांनी वाटीवर लिंबू पिळलं. "भिंत थांबते. इथला दुसरा हात मात्र रोज संध्याकाळी माझाच."

"आधी ते रंगाचे बूट काढा बाहेर!" मी ओरडले. आवाज रागाचाच काढायचा होता, पण नीट निघाला नाही.