व्हायोलिन काढल्यावर

यशचा फोन आला तेव्हा मी गिंडीतल्या माझ्या शेडमध्ये एका बिघडलेल्या लेथला शिव्या घालत होतो. यश पुण्याचा, पेरुंगुडीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार जुन्या टेपा साफ करतो. कशासाठी, हे त्याच्या आईलाही कळत नसावं.

"काका, टेपच्या सुरुवातीला तुम्ही बोलताय. मराठीत," तो म्हणाला.

माझ्या हातातला पाना खाली पडला.

आधी हे सगळं काय आहे ते सांगतो. १९७३ साली आम्ही चार कॉलेजकुमारांनी मद्रासच्या एका रेकॉर्ड कंपनीकडून एक रॉक रेकॉर्ड काढली, 'सॉल्टपॅन'. मी गाणारा आणि म्होरक्या. गिटारवर व्यंकट. रेकॉर्ड तेव्हा कुणी घेतली नाही. पुढे कुठल्या कुठल्या देशांतल्या शौकिनांनी तिला डोक्यावर घेतलं आणि आता २००६ मध्ये ती 'क्लासिक' झाली आहे. मात्र तिच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण एक तक्रार करतोच: सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या बारा व्हायोलिनांनी गिटार पार बुडवली आहे. म्हणून बंगळूरच्या एका छोट्या कंपनीने ठरवलं की व्हायोलिन काढून, नुसत्या चौघांचं वाजवणं ठेवून सीडी काढायची. व्हायोलिन वेगळ्या ट्रॅकवर होती, त्यामुळे ते सोपं होतं. काम यशकडे आलं. मुखपृष्ठावर 'पुरुषोत्तम राव' वाचून तो मला तेलुगू समजला होता. आम्ही तंजावरचे मराठी, तीनशे वर्षं इथेच आहोत, हे कळल्यावर त्याने मला लगेच काका करून टाकलं.

"काय बोलतोय मी?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. चोराच्या मनात चांदणं.

यशने फोन स्पीकरजवळ धरला. आधी माझा चुलतभाऊ वादिराज बोलला. आमची रेकॉर्ड झाली त्या स्टुडिओत तो सहायक ध्वनिमुद्रक होता, आता हयात नाही.

"फार छान वाजवतो रे हा. तुझा आवाज खाऊन टाकतो."

मग तेवीस वर्षांचा मी. "म्हणूनच सांगतो. उद्या व्हायोलिन अस्के ह्याच्यावर घाल. कंपनीचा हुकूम म्हणून सांगू त्यास."

"बटण दाबलेलें आहे रे. ऐकतो तो."

"ऐकूं दे. त्यास काय समजते!"

आणि आम्ही दोघं हसलो.

अस्के म्हणजे सगळे. यशला तेवढा एक शब्द अडला होता, तो मी सांगितला. बाकी त्याला कळलं होतं.

मराठी ही आमची घरची तिजोरी. मद्रासमध्ये भाजीवाल्यासमोर, मास्तरांसमोर, पाहुण्यांसमोर आम्ही खुशाल मराठीत बोलायचो. समोरच्याची टिंगल त्याच्या तोंडावर करायची आणि वर त्याला कॉफी द्यायची. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं. व्यंकट काचेपलीकडे कानांना हेडफोन लावून बसला होता. ते बटण दाबलं की आमचा आवाज तिकडे पोचायचा, म्हणून त्याच्या कानात आमचा शब्दन् शब्द जात होता. आम्ही हसलो म्हणून तोही हसला आणि अंगठा वर करून म्हणाला, "रेडी."

तो चांगला वाजवायचा, एवढाच त्याचा गुन्हा. कॉलेजच्या कार्यक्रमात पोरं माझं नाव सोडून त्याचं नाव ओरडायची. माझा आवाज बरा होता, वासरात लंगडी गाय शहाणी इतकाच, आणि हे मला स्वतःला ठाऊक होतं म्हणून जास्त जळायचो. व्हायोलिन फक्त दोन गाण्यांत ठरली होती. ती आठ गाण्यांत मी घालायला लावली.

"काका, लोकांना स्टुडिओतली अशी बोलणी आवडतात," यश म्हणाला. "मी ठेवणारच होतो. मग म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

"काप," मी म्हणालो.

"नक्की?"

"काप म्हणालो ना!"

दोन दिवसांनी त्याने सीडी आणि एक कागद पाठवला. वाजवणाऱ्या चौघांची संमती हवी होती. तिघांच्या सह्या झाल्या होत्या, राहिला होता व्यंकट. "मी आणतो," असं मीच म्हणून बसलो. दुसरा कुणी गेला असता तर मला बरं वाटलं असतं का? नसतं. मी गेलो तेव्हाही वाटत नव्हतं.

व्यंकट एन्नोरला राहतो. वीज केंद्रात तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त. खिडकीच्या गजांवर राखेचा थर, तो रोज पुसतो आणि राख रोज पुन्हा बसते. वर्षातून एकदा दिवाळीला मी मिठाई घेऊन जायचो, अर्धा तास बसून निघायचो. त्या अर्ध्या तासात गिटारचा विषय कधीच निघाला नाही. गिटार त्याने रेकॉर्ड आली त्याच वर्षी विकली होती. का विकली, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, कंपनीवर रागावला असेल. खरं तर मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

त्याने मुलीचा सीडी प्लेअर बाहेर आणला. चष्मा पुसला, जणू ऐकायलाही तो लागतो. पहिलं गाणं सुरू झालं.

व्हायोलिन नव्हती. ड्रम, बास, माझा किरटा आवाज, आणि मग गिटार वर आली. तेहतीस वर्षांत मीही ती ऐकली नव्हती. काय वाजवायचा तो! हे मी झाकलं होतं, या माझ्या हातांनी.

तीन गाणी तो हलला नाही. चौथ्याला म्हणाला, "नल्ला वासिचिरुक्कान." छान वाजवलंय यानं. जणू तो मुलगा दुसराच कुणी होता.

"तूच आहेस तो," मी म्हणालो.

"मला वाटलं होतं मी वाईट वाजवतो." तो तमिळमध्ये अगदी साधेपणानं बोलत होता. "कंपनीने झाकलं म्हणजे झाकण्यासारखंच असणार. मोठी माणसं, त्यांना कळतं. म्हणून विकली. वाईट वाजवणाऱ्यानं गिटार कशाला ठेवायची?" मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "पण पुरु, हे इतकं वाईट नाहीये. मग त्यांनी का झाकलं?"

बोलणं कापलेलं होतं. वादिराज गेला होता. ती जुनी रेकॉर्ड कंपनी कधीच बुडाली होती. मी खांदे उडवले असते तर तो विषय त्या खोलीत मेला असता आणि दिवाळीला मी पुन्हा मिठाई आणली असती.

"कंपनीनं नाही. मी," मी म्हणालो.

आणि सगळं सांगितलं. टेपवरची वाक्यं आधी मराठीत म्हटली, होती तशी, मग त्यांचा अर्थ सांगितला. हसलो होतो तेही सांगितलं. लाज वाटते म्हणालो. माफी मागितली. ती मागताना मला माझाच आवाज खोटा वाटत होता, तरी मागितली.

तो रागावला नाही. रागावला असता तर मी सुटलो असतो. त्याने प्लेअर बंद केला, कागद ओढून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला.

"ते बोलणं त्या मुलाकडे अजून आहे?"

"असेल."

"परत घालायला सांग. मग सही करतो."

"व्यंकट, सगळे लोक ऐकतील."

"ऐकू देत. पण मराठी किती जणांना येतं इथे? पुस्तिकेत खाली अर्थ छापायचा. तमिळमध्ये." त्याने कागद उलटा करून माझ्यासमोर ठेवला. "तूच लिही. आत्ता. मी वाचून बघतो, मग सही."

मी खिशातलं पेन काढलं. तमिळ माझी रोजची भाषा. शाळा तमिळ, धंदा तमिळ, भांडणंसुद्धा तमिळ. बाकीची वाक्यं भराभर लिहिली. शेवटच्या, माझ्या वाक्याला पेन थांबलं. व्यंकट समोर बसून होता. त्याला घाई नव्हती.

"लिही," तो म्हणाला. "ऐकू दे, त्याला काय कळतंय."