पाण्याचे तीन ठिपके

लातूर जिल्हा झाला आणि मोठ्या बाईंनी शाळेतल्या निम्म्या गोष्टी बंद केल्या. दप्तरात चिंचा बंद, वेणीत आबोली बंद, नखांना रंग बंद, खिडकीतून रस्त्यावर बघणं बंद. कारण प्रत्येक वेळी एकच. "आता आपण तालुक्याची शाळा नाही. जिल्ह्याची शाळा." मुख्याध्यापिका महानंदाबाई हे वाक्य असं काही म्हणत, की ऐकणारीला आपोआप पदर सारखा करावासा वाटे. पाऊस तेवढा त्यांच्या हाती नव्हता. त्यानं आदल्या वर्षीच पाठ फिरवली होती, आणि संक्रांत होते न होते तोच शाळेच्या विहिरीनं तळ दाखवला होता.

विज्ञानाच्या पंचशीलाबाई या बंद्या मान हलवून ऐकत. नांदेडहून बी.एस्सी., बी.एड. होऊन आलेली ही बाई कमी बोलायची, पण विचारलेल्याचं उत्तर पूर्ण द्यायची. खडूचा तुकडा बोटांत धरता येईनासा होईपर्यंत वापरायची. तिची नोकरी अजून कच्ची होती. महाशिवरात्रीच्या आधीच्या सोमवारी संस्थेची बैठक होती, आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते तिथं ठरणार होतं. अशा वेळी तिच्या डोक्यात काय शिजत असेल, असं कुणाला विचारलं असतं तर 'प्रश्नपत्रिका' असंच उत्तर आलं असतं.

तिच्या डोक्यात गोंदण शिजत होतं.

लहानपणी सगळ्या चुलतबहिणी जत्रेत गोंदणारणीपुढे हात करून बसल्या, तेव्हा तिच्या आईनं तिला एकटीला दंडाला धरून बाजूला ओढलं होतं. "शिकणाऱ्या पोरीच्या हातावर शाईचा डाग बरा. ह्यो नको." आईचं चुकलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत गोंदण म्हणजे रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बायांची खूण. गोंदलेल्या हातानं कुणी आम्ल-अल्कली शिकवलेली मोठ्या बाईंना खपली नसती. पण तेव्हाचं ते बाजूला ओढलं जाणं पंचशीलाच्या मनातून गेलं नव्हतं, आणि सिद्धेश्वराची जत्रा तोंडावर आली होती.

नमुना तिनं स्वतः ठरवला. तीन ठिपके. मधला मोठा, त्याच्या दोन बाजूंना दोन लहान, आणि सगळी रचना जरा वाकलेली. मोठा ऑक्सिजन, लहान दोन हायड्रोजन. पाण्याचा रेणू. सगळं गाव टँकरमागे घागरी घेऊन पळत असताना आपल्या हातावर गुपचूप पाणी असावं, या कल्पनेनं तिला एकटीलाच हसू यायचं. जागाही ठरली. डावं मनगट, बरोबर घड्याळाच्या तबकडीखाली.

पण आधी प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढणं तिच्या स्वभावात नव्हतं. प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचं सौम्य द्रावण होतं. त्याचा थेंब कातडीवर पडला की उन्हात काळा पडतो, आणि वरची कातडी बदलेपर्यंत जात नाही. कोनमापकानं कोन मोजून तिनं काडीनं तीन ठिपके दिले, उन्हात काळे होऊ दिले, वरून घड्याळ बांधलं आणि कुणाच्या लक्षात येतं का ते बघत बसली. कुणाच्याच आलं नाही. मोठ्या बाईंनी तर तिच्याच घड्याळात वाजले किती ते दोनदा पाहिलं.

एक गोष्ट मात्र आखणीतून सुटली. कॉलेजात आम्लाच्या एका थेंबानं तिच्या घड्याळाचा पट्टा खाल्ला होता. तेव्हापासून प्रयोगशाळेत शिरलं की घड्याळ काढून खिडकीत ठेवायचं, ही सवय तिच्या हाताला होती. हातानं डोक्याला न विचारता ते काम केलं. नववीच्या मुली समोर उभ्या होत्या, आणि पंचशीलानं परीक्षानळी डाव्या हातानं उजेडात वर धरली.

"बाई, तुमी गोंदलंय?" पहिल्या रांगेतल्या सिंधुनं विचारलं.

शाईचा डाग म्हणून सांगता आलं असतं. पण परीक्षानळी हातात असताना खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पाण्याचा रेणू आहे," ती म्हणाली, आणि विचारलेल्याचं उत्तर पूर्ण द्यायचं म्हणून मधला ठिपका कोण, बाजूचे कोण, कोन का वाकडा, हेही सांगितलं. वर्षभर या धड्याला जांभया देणाऱ्या मुली बाकांवर चढून बघायला लागल्या.

त्या आठवड्यात प्रयोगशाळा झाडायची पाळी सिंधुची होती. सिल्व्हर नायट्रेटची बाटली कुठली ते तिनं बरोबर ओळखलं.

शनिवारी प्रार्थनेला मोठ्या बाईंना एका मनगटावर तीन ठिपके दिसले, मग दुसऱ्या, मग रांगच्या रांग. मुलींना हौदापाशी नेऊन साबणानं घासण्यात आलं.

"बाई, अख्खी घागर गेली," शिपाई मलप्पा म्हणाला. "निशाण लई पक्कं हाय. जाईना झालंय."

"घास अजून."

"घासतो की. पर मग पोरीस्नी प्यायला काय द्यू?" मलप्पानं एक मनगट डोळ्यांजवळ घेतलं. "सरकारी वाटतंय. आमच्या गावच्या दवाखान्याच्या भिंतीवर असंच तिकोनी हाय. लाल रंगात."

लाल त्रिकोण म्हणजे कुटुंबनियोजन, हे मोठ्या बाईंना आठवलं आणि त्या खुर्चीत बसल्या. "नववीच्या मुली, मलप्पा."

"म्या कुठं काय म्हनलं?"

थोड्या वेळानं त्यांनी पंचशीलाला बोलावलं. "तुम्ही विज्ञानाच्या. हे कशानं काढलंय आणि कुणी सुरू केलं, याची चौकशी तुम्ही करा. सोमवारी बैठकीच्या आधी मला नाव पाहिजे. जी कुणी असेल तिला मी ठेवणार नाही."

"हो, बाई," पंचशीला म्हणाली आणि डावा हात पदराखाली घेतला.

अशा रीतीनं गुन्हेगाराची तपासणीसाच्या जागी नेमणूक झाली. तिनं मुलींना प्रयोगशाळेत उभं केलं, दार लोटलं आणि कडक आवाजात विचारलं, "हे कुणी सुरू केलं?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून तिच्या घड्याळाकडे.

"बाई, आमी ठरवलंय," सिंधु म्हणाली. "बेलाचं पान हाय म्हणून सांगायचं. महाशिवरात्र आलीच की. मोठ्या बाई सोमवार धरतात. खूश होतील."

"आणि मला विचारलं तर?"

"तुमाला कोण विचारणार? चौकशी तर तुमीच करताय."

युक्ती बिनतोड होती, हे पंचशीलाला मान्य करावं लागलं. बेलाचं पान म्हटलं की प्रकरण मिटतं, नोकरी पक्की होते, जत्रेत गोंदणही होतं. रविवारभर ती या सुखाभोवती फिरत राहिली. अडचण एवढीच होती, की या मुलींना पहिल्यांदाच रेणू म्हणजे काय ते कळलं होतं, आणि आता त्यांच्याकडूनच त्याला बेलाचं पान म्हणवून घ्यायचं होतं. परीक्षेत आपणच कॉपी पुरवावी तसं तिला ते वाटलं.

सोमवारी तिनं घड्याळ काढून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. "चौकशी झाली, बाई."

मोठ्या बाईंनी मधला ठिपका बोटानं घासून पाहिला. "तुम्ही?"

"मी. पाण्याचा रेणू आहे. औषधाचा डाग आहे, पक्का नाही. पक्का जत्रेत करून घेणार होते."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पण उत्तर पूर्ण देण्याची सवय.

"संस्थेच्या अध्यक्षांच्या नातीच्या हातावर पण हेच पाणी आहे, माहीत आहे?"

"हो."

"मग तिला कोण घालवणार? मी की तुम्ही?"

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. मुली बादल्या घेऊन पळाल्याचा आवाज आला. मोठ्या बाईंची नजर खिडकीकडे गेली, तिथून मनगटाकडे आली, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या.

"पाणी म्हणालात ना?"

"हो, बाई."

"परवा जिल्हा कचेरीतले साहेब येणार आहेत. पाणी जपा, म्हणून सांगायला. बाकीच्या शाळा गाणी म्हणणार." त्यांनी घड्याळ उचलून तिच्या हातात दिलं. "गाणी काय, तालुक्याच्या शाळा पण म्हणतात."

बैठकीत पंचशीलाचा विषय चहा येण्याआधीच संपत आला. नातीनं जेवताना तांब्या दाखवून रेणू समजावला, असं अध्यक्ष कौतुकानं म्हणाले. साहेबांपुढे सगळ्या मुलींनी मनगटावर शाईनं हे चिन्ह काढून उभं राहावं, असं ठरलं. "फक्त ते वाकडं कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "तिन्ही ठिपके एका रेषेत घ्या. जिल्ह्याची शाळा हाय. शिस्त दिसली पाहिजे."

"सरळ रेषेत काढलं तर ते..." पंचशीला म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिच्या नेमणुकीवर सही व्हायची होती. अध्यक्षांच्या पेनाचं टोपण उघडं होतं.

"ते काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

पंचशीलाच्या मनात काहीतरी गुदगुल्या करून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं उत्तर अर्धवट सोडलं. "ते जास्त सुबक दिसेल," ती म्हणाली.

बुधवारी साहेब आले. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या मुलींनी हात वर केले. प्रत्येक मनगटावर तीन ठिपके, पट्टीनं आखल्यासारखे सरळ. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि पाण्याचं महत्त्व इतक्या सुंदर रीतीनं कुठं पाहिलं नाही, असं भाषणात सांगितलं.

"बाई," सिंधु ओठ न हलवता म्हणाली, "असा सरळसोट तर कार्बन डायऑक्साइड असतो. तुमीच शिकवलंय."

"माहीत आहे. हात वर ठेव."

सिंधुनं हात आणखी वर केला. दोघी समोर बघत राहिल्या. हसू आवरायला पंचशीलाला तोंडावर पदर धरावा लागला. साहेबांना वाटलं, बाई भारावल्या.

जत्रेत साखराबाई गोंदणारीण लिंबाखाली पोतं अंथरून बसली होती. पंचशीला समोर टेकली. पर्समध्ये कोनमापक होतं.

"काय काढू, बाई? मालकाचं नाव?"

"मालक नाही."

"मंग देवाचं काढू?"

"नको."

"मंग त्ये तीन ठिपके असतील. सकाळधरनं तेच चालू हाय. शाळंच्या पोरी, पोरींच्या माया. म्या म्हनलं, बरं हाय की, काम कमी."

पंचशीलाचा पर्सकडे गेलेला हात थांबला. लातुरातल्या अर्ध्या मनगटांवर असलेलं गुपित आपल्या मनगटावर घेऊन करायचं काय?

"ते तर अजिबात नको," ती म्हणाली. "तुमच्या हाताला सगळ्यात चांगलं काय येतं?"

साखराबाईनं तिला नीट न्याहाळलं. मास्तरीणबाई, सुती साडी, डोळ्यांवर चष्मा. "इच्चू," ती म्हणाली. "पर तुमाला कसा चालंल?"

"चालेल. इथं काढा." पंचशीलानं खडू धरायचा उजवा हात उलटा करून आतली बाजू वर केली, जिथं नाडी बघतात तिथं. घड्याळ नको, बांगडी नको. घड्याळाखालची जागा उघडी पडल्यावर ही जागा तिनं पुष्कळ विचार करून शोधली होती.

"हितं?" साखराबाईनं सुई बाजूला ठेवली. "एवढं दुखवून घ्यायचं, आन् हितं दिसंल कुनाला?"

"फळ्याला," पंचशीला म्हणाली आणि हात तिच्या मांडीवर ठेवला.