बाईंचा डावा कान

“बाई, तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही ना?”

प्रश्न तिचा होता, पैज मैत्रिणींची. मधल्या सुट्टीत चौघींनी मिळून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. एवढी माणसं वाचता येतात ना, मग विचारून दाखव, भर वर्गात, उभं राहून. नाहीतर कबूल कर की नुसत्या थापा मारतेस. आणि ती कसली कबूल करतेय! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, तिला यंदा चांगली शिंगं फुटली होती.

माणसं वाचायला ती वडिलांकडून शिकली. वडील शिंपी. त्यांच्या हातात टेप दिसली की गिऱ्हाईक छाती काढतं, पोट आत घेतं. मग वडील उगाच टेप सरळ करत विचारणार, धाकटा काय करतो हल्ली? माणूस बोलायला लागला की खांदे आपोआप उतरतात, आणि तेव्हा ते खरं माप वहीत टिपतात. तिनं हीच युक्ती शाळेत लावून पाहिली. कोण घरून भांडून आलंय, कोणाचा पेपर वाईट गेलाय, कोण कोणाला टाळतंय, सगळं तिला दिसायला लागलं. मैत्रिणींनी तिचं नावच ‘टेप’ पाडलं.

भाषेच्या बाई नव्या होत्या, वर्षभराच्या बोलीवर आलेल्या. त्या कायम खिडकीकडच्या कोपऱ्यात, वर्गाकडे उजवा खांदा करून उभ्या राहायच्या. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायच्या. वर्ग हसला की क्षणभरानं हसायच्या. टेपनं दोन आठवड्यांत हिशेब जुळवला होता.

प्रश्न ऐकून बाई रागावल्या नाहीत. त्यांचा हात कानाकडे निघाला आणि वाटेतच वळून केसांवरून फिरला. “बस खाली,” एवढंच म्हणाल्या. मैत्रिणींनी बाकाखालून तिला कोपरानं ढोसलं. पैज जिंकली होती. तो अख्खा दिवस ती तरंगत होती.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावरची मुलं नुसते ओठ हलवून उत्तरं द्यायला लागली. बाई “काय म्हणालास?” म्हणत पुढे वाकल्या की वर्गात खसखस पिकायची. तिसऱ्या दिवशी बाई सावध झाल्या आणि सगळ्यांबरोबर लगेच हसायला लागल्या. स्वतःवरच्याच विनोदाला, तो न ऐकता. त्या हसण्यात टेप एकटीच सामील झाली नाही.

शनिवारी बाईंना ऑफिसात बोलावणं आलं. त्यांना पुढे ठेवायचं की नाही, ते सोमवारी ठरणार होतं, आणि कानाची गोष्ट मुख्याध्यापिकांपर्यंत पोचली होती. बाई बाहेर आल्या त्या डावी बाजू भिंतीला लावून, हँगरवर कोट लोंबावा तसे खांदे टाकून. टेप त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. चुकलं म्हणायचं होतं. बाई तिच्या ओठांकडे बघत थांबल्या, पण ओठ काही हलेनात.

“तू विचारलंस ते खरंच होतं गं,” बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. वडील खडूनं कापडावर रेघ ओढत होते. ती रेघ त्यांनी टोकापर्यंत नेली. मग म्हणाले, “अर्ध्या गिऱ्हाइकांचा एक खांदा उतरलेला असतो. मी त्या बाजूला आतून कापडाचा एक थर जास्त घालतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माणूस आरशात बघतो आणि खूश होऊन जातो. हे तुला शिकवायचं राहिलं माझं.”

ती म्हणाली, मग मी मुख्याध्यापिकांना भेटते. तशी काज करणारी आई सुई थांबवून म्हणाली की शाळेचे गणवेश आपल्याच दुकानात शिवले जातात, ते काम कोण देतं हे विसरू नकोस. तुझ्या तोंडामुळे एका घराचं वाटोळं व्हायची पाळी आलीये, आता आपलं नको. वडिलांनीही मान डोलावली. विषय संपला.

रात्री सगळे जेवायला बसले. वडील ताठ बसले होते, छाती काढून, थेट टेप दिसलेल्या गिऱ्हाइकासारखे. ते घाबरलेत हे तिला दिसलं. काहीतरी इकडचं तिकडचं विचारून त्यांचे खांदे उतरवणं तिला सहज जमलं असतं. तिनं ते केलं नाही. ताट बाजूला सारलं.

“सोमवारी पहिल्या तासाआधी मी ऑफिसात जाणार आहे,” ती म्हणाली. आवाज कापत होता, पण घशात अडकला नाही. “पैजेसाठी विचारलं, हे सांगणार. उजवीकडून बोललं की बाईंना सगळं ऐकू येतं आणि त्यांच्याइतकं छान कुणी शिकवत नाही, हेही सांगणार. बाबा, गणवेशाचं काम गेलं तर मला भयंकर वाईट वाटेल. तरी मी जाणार.”