कुराहाशीचं पोर

मितालीचा अख्खा प्रबंध एका भित्र्या माणसावर उभा होता. कुराहाशी हा जपानमधला एक लहानसा सरंजामदार. तिथल्या लष्करी शासकाची, शोगुनची, सत्ता डळमळू लागली तेव्हा शेजारचे सरदार कुरबुर करायला लागले, हा मात्र मान खाली घालून बसला. ‘कणाहीन’ असं तिनेच त्याच्याबद्दल लिहिलं होतं. तेव्हा तिची लेक रेवा ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट कुकच्या घरात होती, तिच्या मांडीवर.

मग प्रबंध उरकायचा म्हणून, आपल्याकडे बरेचजण करतात तसं, परत निघालेल्या सासू-सासऱ्यांबरोबर लेकीला नागपूरला पाठवलं. तीनच महिन्यांसाठी. पाठोपाठ करोनामुळे सीमा बंद झाल्या. वर्ष उलटलं, आणि या मे महिन्यात तर ऑस्ट्रेलियन सरकारने भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना तुरुंगाची धमकी दिली. सासूबाई फोनवर ऑक्सिजनसाठीच्या धावपळीबद्दल सांगत. रेवा आताशा फोन समोर धरला की तोंड फिरवून घेई. आणि यतिन, तिचा नवरा, कुणी विचारपूस केली की ‘नो वरीज’ म्हणे. ते ऐकलं की मितालीच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

सेमिनार झूमवर होता. प्राध्यापकांनी विचारलं, इतकी वर्षं मुकाट राहिलेल्या कुराहाशीने पुढे शोगुनला सैन्य द्यायचं नाकारलं, ते कशाच्या बळावर?

“सरदारांची बायकामुलं शोगुन आपल्या राजधानीत अडकवून ठेवायचा,” ती म्हणाली. “अठराशे बासष्टमध्ये तो नियम सैल झाला आणि कुराहाशीचं पोर घरी आलं. मग कुणाला भ्यायचं होतं त्याने? मी त्याला भित्रा म्हटलं, ते मागे घेते.”

प्राध्यापक हसले. हे जरा भावनिक होतंय, म्हणाले.

“तुमची मुलं शेजारच्या खोलीत आहेत, म्हणून तुम्हाला तसं वाटतं.”

दारात यतिन उभा होता, हळू बोल अशी खूण करत; त्याचीही मीटिंग चालू होती. तिने लॅपटॉप मिटला आणि सांगितलं, मी सरकारकडे देशाबाहेर जायची परवानगी मागतेय.

त्याने परोपरीने समजावलं. जाऊ देतीलही, पण परत कोण घेणार? थीसिस, नोकरी, सगळंच अर्धवट राहील. शेवटी वैतागून म्हणाला, “अडकशील तिथे, मिताली.”

“अडकेन. पण तिच्यापाशी अडकेन.”

तो काही बोलायला गेला.

“आणि नो वरीज म्हणू नकोस,” ती म्हणाली, आणि माळ्यावरची बॅग ओढायला स्टुलावर चढली.