निकानोरचं बरोबर होतं

ऑक्टोबर लागला की माझ्या दुकानासमोर माणसं भांडायला येतात. बिअर प्यायला जातात असं त्यांच्या बायकांना वाटतं, पण बिअर निमित्त असते. आमच्या दोमिनिकन बेसबॉलचा हिवाळी हंगाम तोंडावर आलेला असतो, सान पेद्रोचा संघ कोणाला ठेवणार आणि कोणाला काढणार हे अजून ठरायचं असतं, आणि ते आपल्याला विचारल्याशिवाय ठरूच शकत नाही अशी ह्या रिकामटेकड्यांची ठाम समजूत असते. नवरा गेल्यापासून हे दुकान मी एकटी चालवते. तांदूळ, तेल, सलामी, बर्फ विकते आणि ह्यांच्या शिव्या फुकट ऐकते.

भांडणारे डझनभर असले तरी खरं भांडण दोघांचंच. एक निकानोर. साखर कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेला, वाळलेल्या ओंडक्यासारखा माणूस. तरुणपणी कारखान्याच्या संघात कॅचर होता, म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू झेलणारा, आणि बिएनवेनिदो नावाचा डावखुरा पिचर तेव्हा पोरसवदा असताना त्याच्याच हातमोज्यात चेंडू टाकायचा. तो बिएनवेनिदो पुढे मोठ्या संघात गेला, नाव कमावलं, आणि म्हातारा व्हायला आला तरी निकानोरच्या लेखी त्याच्यासारखा दुसरा जन्मलाच नाही. दुसरा चागो, शहरापर्यंत मिनीबस चालवणारा. त्याचा आवाज असा, की बसला हॉर्न नसता तरी चाललं असतं. ह्या दोघांचं कशावरूनही जुंपायचं. पाऊस पडत असताना एकाने पाऊस म्हटलं, तर दुसरा छत्री मिटून उभा राहिला असता.

त्या वर्षी भांडायला चांगलंच निमित्त मिळालं. संघात पिचरची एक जागा रिकामी होती आणि दावेदार दोन होते. एक हा बिएनवेनिदो, आणि दुसरा आमचा वांदी. वांदी माझ्या दुकानामागच्या गल्लीतला, दोन्या क्रूस ह्या बाईचा एकुलता एक मुलगा. उंच, हात गुडघ्यापर्यंत, चेंडू ताशी सत्त्याण्णव मैलांनी फेकायचा. एका अमेरिकन क्लबने त्याला करारात बांधलं होतं आणि वसंतात तो फ्लोरिडाला जाणार होता. व्हिसाही झालेला. गेल्या पावसाळ्यात क्रूसच्या पत्र्याच्या घराला एका बाजूने विटांची भिंत चढली होती, बाकीच्या तीन भिंती फ्लोरिडाहून यायच्या होत्या.

आता एक गोष्ट सांगते, जी आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणीही बोलत नव्हतं. कागदावर वांदी एकोणीस वर्षांचा होता. खरा होता चोवीस. क्रूसने त्याच्या जन्माची नोंद उशिरा केली, आणि केली तेव्हा त्याला खेळ शिकवणाऱ्या माणसाने तिला वर्ष कोणतं सांगायचं ते पढवलं. अमेरिकनांना कोवळी पोरं लागतात. वय वाढलेल्याच्या हातात कितीही जोर असला तरी ते त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. हे काही आमच्याच गावात झालं नाही आणि त्यात आम्हाला कधी पाप दिसलं नाही. चेंडू त्याचा होता, हात त्याचा होता, वय तेवढं जरा आवरून घेतलं होतं.

हंगामाआधीच्या एका शनिवारी रेडिओवाला इसिद्रो माईक घेऊन माझ्या दुकानासमोर येतो. कार्यक्रम थेट जातो, सगळ्या उसाच्या पट्ट्यात ऐकतात. त्या शनिवारीही त्याने वायर माझ्या भिंतीत खोचली, माईक मधल्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, जागा कोणाची? मग त्याला पुढे काही विचारावं लागलं नाही.

निकानोर म्हणाला, नुसतं जोरात फेकलं म्हणजे माणूस पिचर होत नाही, जोरात तर माझी बायकोसुद्धा भांडी फेकते. चागो म्हणाला, आणि कॅचर असून तुला त्यातलं एकही झेलता येत नाही. लोक हसले, निकानोर नाही हसला. बिएनवेनिदो आता पिकलेला नाही, सडलाय, असं चागो पुढे म्हणाला. त्याचा चेंडू पोचेपर्यंत समोरचा बॅटवाला कॉफी पिऊन परत येतो. निकानोरच्या मानेची शीर उभी राहिली. बिएनवेनिदोबद्दल असं बोलणं म्हणजे त्याच्या स्वतःच्या तरुणपणावर थुंकण्यासारखं होतं, आणि चागोला ते पुरतं ठाऊक होतं.

"तू बस चालव," निकानोर म्हणाला. "माणसांना कुठे उतरवायचं ते तुला आजवर कळलं नाही, आणि पिचर कुठे उतरवायचा ते मला शिकवतोस."

"मी निदान चालवतो. तू आयुष्यभर एका जागी बसून ऊस उचललास."

इसिद्रोला मजा येत होती. तो नुसता माईक इकडून तिकडे सरकवत होता. मला मजा येत नव्हती. ह्या दोघांच्या आवाजात त्या दिवशी खेळ कमी होता आणि विष जास्त. निकानोर वांदीवर घसरला. पोरगा कच्चा आहे, म्हणाला. अजून मिसरूड नीट फुटलेली नाही. समोरचे दोन गडी बेसवर पोचले आणि अख्खं मैदान त्याच्या आईचा उद्धार करायला लागलं, की हा काय करणार, आईला फोन करणार? कच्चा आहे, कच्चा आहे, असं तो टेबलावर बोट आपटत म्हणत राहिला.

चागो वांदीचा धर्मबाप. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या बरोबरीचं. क्रूसचा नवरा पळून गेल्यावर पोराचा पहिला हातमोजा चागोनेच आणला होता. त्याने खुर्ची मागे ढकलली आणि माईक स्वतःकडे ओढला.

"कच्चा? कोणाला कच्चा म्हणतोस? अरे, बाप्तिस्म्याला मी त्याला ह्या हातांत धरलाय. तो आणि माझी फ्योर, एकाच रविवारी, एकाच पाण्यात. एकाच टॉवेलने दोघांची डोकी पुसली पाद्रीने. माझी पोरगी आज संसार करतेय, आणि तो कच्चा?"

एवढं बोलून तो थांबला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते: फ्योरचं वय तेच वांदीचं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड मला विसरता येत नाही. इसिद्रोही आमच्यातलाच, शेजारच्या गावचा, त्यालाही कळलं. तो रंगाच्या दुकानाची जाहिरात आठवायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ती आठवत नव्हती.

फ्योर माझ्या काउंटरशी उभी होती. सलामी घ्यायला आली होती, तिची मुलगी तिच्या स्कर्टला धरून होती. तिने हातातली पिशवी ठेवली, खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापाशी गेली आणि माईकमध्ये म्हणाली, "मी फ्योर. मी एकोणीस वर्षांची आहे."

तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं मला दिसत होती, पण रेडिओला कुठे डोळे असतात? तिने अगदी शांतपणे सांगितलं. मला तिचा अभिमान वाटला. इसिद्रोने श्वास सोडला आणि लगेच संधी पकडली. "ऐकलंत ना? एकोणीस. म्हणजे पोरगा कोवळाच की हो. दॉन निकानोर, तुमचंच खरं निघालं."

त्याने जिंकलेला वाद ताटात वाढून निकानोरपुढे ठेवला होता. निकानोरने फक्त मान हलवायची होती. वांदी कच्चा ठरला असता, बिएनवेनिदो मोठा ठरला असता, चागोचं नाक सगळ्या पट्ट्यासमोर कापलं गेलं असतं, आणि क्रूसच्या पोराच्या केसालाही धक्का लागला नसता. निकानोरच्या ओठांवर हसू आलंही. मग त्याने चागोकडे पाहिलं. चागो कपाळावरचा घाम पुसत होता, सुटलो म्हणून. ते सुटणं निकानोरला बघवलं नाही. जिंकलेला वाद त्याला अजून एकदा जिंकायचा होता.

"एकोणीस?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "फ्योर, तुझी मुलगी कितवीत आहे गं?"

उत्तर पोरीने दिलं, शाळेत बाई विचारतात तेव्हा देतात तसं, मोठ्याने आणि आनंदाने. "दुसरीत."

मी वायर भिंतीतून उपटली. उपयोग नव्हता. शब्द गेला होता. दुसरीतल्या पोरीची आई एकोणीसची कशी असेल, हे ऐकणाऱ्या कोणालाही बोटांवर मोजता येत होतं.

चागो निकानोरच्या अंगावर गेला, चौघांनी धरला. निकानोर खुर्चीतून उठलाही नाही. तो म्हणत होता, "मी काय खोटं बोललो? मी फक्त विचारलं." सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता, कोणीतरी हो म्हणेल म्हणून. त्याला खरंच कळत नव्हतं, ह्याचाच मला जास्त राग आला. वाईट हेतू असता तर समजून घेता आलं असतं.

दोन आठवड्यांनी अमेरिकन क्लबचा माणूस आला, दोमिनिकनच, राजधानीचा, इस्त्रीच्या शर्टातला. तो घरोघर फिरला. गावातल्या प्रत्येकाने त्याला सांगितलं, वांदी एकोणीसचा. पाद्रीने सांगितलं, आपल्याला काही आठवत नाही. निकानोरनेसुद्धा सांगितलं, एकोणीसचा, आणि माझ्या मते त्याने मनापासून सांगितलं. त्या माणसाने सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या काउंटरवर फोन ठेवला आणि त्यात भरून ठेवलेला त्या शनिवारचा पोरीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकवला. वांदीचा करार गेला, व्हिसा गेला. सान पेद्रोच्या संघानेही मग त्याला बोलावलं नाही. जागा बिएनवेनिदोला मिळाली. क्रूसचं घर एका भिंतीवर थांबलं.

निकानोरला कोणी मारलं नाही. वाळीतही टाकलं नाही. तो रोज येऊन बसायचा, त्याची बिअर मी त्याला द्यायचे. मग एका संध्याकाळी, बिएनवेनिदो पहिला सामना जिंकला त्याच्या दुसऱ्या दिवशी, तो छाती काढून म्हणाला की असा डावखुरा पुन्हा होणे नाही. चागो त्याच्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर आहे, निकानोर."

निकानोर वाट बघत राहिला. पुढे काही आलं नाही. दुसऱ्याने म्हटलं, बरोबर आहे. तिसऱ्यानेही म्हटलं. कोणी ठरवलं नव्हतं, मी शपथेवर सांगते, पण त्या दिवसापासून ते तसंच झालं. तो म्हणाला कोचला अक्कल नाही, सगळे म्हणाले बरोबर आहे. चार दिवसांनी म्हणाला असा कोच आजवर झाला नाही, तेही बरोबर होतं. त्याने डिवचून पाहिलं, चागोच्या बसला नावं ठेवली, चागोच्या मेलेल्या आईचा स्वयंपाक काढला. चागोच्या मुठी वळल्या, मला दिसल्या. पण तो म्हणाला, "बरोबर आहे." त्या हंगामात माझ्या दुकानासमोर इतकी शांतता होती की गिऱ्हाईक विचारायचे, कोणी गेलं का.

पुढचा ऑक्टोबर आला. इसिद्रो आला नाही. वांदी आता मोटरसायकलवरून भाड्याने माणसं पोचवतो. एका दुपारी तो थंड सोडा घ्यायला थांबला, हेल्मेट हातात, तोच लांब हात. निकानोर खुर्चीतून उठून त्याच्यापाशी गेला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच पोरासमोर उभा राहिला होता.

"तू तिथे टिकला नसतास," तो म्हणाला. "चेंडू सोडताना तुझा खांदा फार लवकर उघडतो. महिन्याभरात हाकललं असतं तुला त्यांनी."

बोलला असं, पण उभा होता मार खायला आल्यासारखा. पोराने शिवी द्यावी, हात उचलावा, निदान म्हणावं की माझा खांदा ठीक आहे, एवढंच त्याला हवं होतं. वांदीने सोडा संपवला आणि बाटली काउंटरवर ठेवली.

"बरोबर आहे, दॉन निकानोर," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारून गेला.

निकानोर काउंटरपाशी आला, दोन्ही हात फळीवर टेकले. त्याचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता.

"मेचे, तू तरी सांग. मी चुकलो ना?"

इतक्या वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा निघाला होता. मी हो म्हटलं असतं तर तो रडला असता, आणि रडून मोकळा होऊन घरी गेला असता. मागच्या गल्लीत क्रूस पत्र्यावर कपडे वाळत घालत होती, तिची एक भिंत मला दारातून दिसत होती.

"नाही, निकानोर," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं."

आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाचे तांदूळ मोजायला घेतले.