कुरुळीच्या इंदुताईंचा सीटबेल्ट

मित्रांनो, मोटारीत बसल्यावर खांद्यामागून जो काळा पट्टा तुम्ही ओढून घेता, किंवा कंटाळा करून तसाच लोंबत ठेवता, तोच मी. वयाने आता जुना झालो आहे. तुमच्या हाती लागण्याआधी आणि नंतर माझ्या आयुष्यात काय काय घडते, हे सहसा कुणी विचारत नाही, म्हणून स्वतःच सांगतो.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. शेकडो बारीक धागे एकत्र विणून माझी पट्टी तयार झाली. मग मला रंगात बुडवले, भट्टीतून काढले आणि वाफाळता असतानाच ताणले. तपासणीच्या टेबलावर एक बाई माझ्या दोन्ही कडांवरून डोळे मिटून बोटे फिरवायच्या. कुठे एक धागा वर आला असेल, तरी त्यांच्या बोटाला कळायचे. आमच्याच गठ्ठ्यातला एक पट्टा यंत्रात अडकवून तुटेपर्यंत ओढला गेला. तो उशिरा, फार उशिरा तुटला, तेव्हा बाकीच्यांना मान्यता मिळाली. मला त्या भावाचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटले.

पुढे माझे एक टोक एका चाकावर गुंडाळून ते चाक मोटारीच्या खांबात बसवले गेले. त्या चाकाची गंमत सांगतो. हळू ओढले की ते सुटते. हिसका बसला किंवा गाडी कलली की आतली छोटी गोळी जागची सरकते, चाकाचे दात अडकतात आणि मी एक बोटभरही पुढे येत नाही. हे एवढेच माझे काम. बाकीचा सगळा वेळ वाट बघण्यात जातो.

आमची पांढरी छोटी मोटार कुरुळीच्या आबाजींनी घेतली. आबाजी जुन्या गावातले, जमीनजुमला असलेले. त्यांचे पाण्याचे टँकर कंपन्यांना जायचे. माणूस मनाने मोठा, पण माझ्याशी त्यांचे जमले नाही. गाडी सुरू झाली की पट्टा लावा म्हणून टिंगटिंग वाजायचे. त्याचा त्यांना राग यायचा. शेवटी त्यांनी बाजारातून नुसती क्लिप आणून माझ्या खाचेत खुपसली. टिंगटिंग बंद झाले आणि मीही बंद झालो. गावातल्या गावात कशाला पट्टा पाहिजे, असे ते म्हणायचे. कितीतरी वर्षे मी खांबाला चिकटून, पिळा पडलेल्या अवस्थेत लोंबत राहिलो. मुरुमाच्या रस्त्यावरची धूळ माझ्या धाग्याधाग्यांत जाऊन बसली.

मग आबाजींनी मोठी गाडी घेतली आणि आमची गाडी घरातल्या बायकांकडे आली. घरात दोघी होत्या. आबाजींची पत्नी इंदुताई आणि त्यांची सून सायली. सायली रावेतची, चाकणच्या एका कंपनीत ब्रेक तपासणाऱ्या विभागात काम करायची. तिने पहिल्याच दिवशी ती क्लिप काढून फेकली, मला पूर्ण बाहेर ओढले आणि कोमट साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवले. माझा पिळा सरळ झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला हातात धरून नीट पाहत होते, आणि मला फार बरे वाटले.

सायलीला ऑटोक्रॉसचा नाद होता. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर केशरी शंकू मांडायचे, त्यांच्यामधून वळणावळणाची वाट आखायची आणि एकेका गाडीने ती वाट कमीत कमी वेळात पार करायची. शंकू पाडला की वेळ वाढवून धरतात. नोकरी-धंदा करणारी हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी एका गोदामामागच्या काँक्रीटच्या मैदानावर जमायची. सगळ्यांच्या रोजच्याच गाड्या, डोक्याला मात्र हेल्मेट सक्तीचे.

इंदुताई पहिल्यांदा नुसत्या डबा घेऊन बघायला गेल्या. सकाळभर त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. प्रत्येक गाडी कुठे फसते, हे त्या शांतपणे पाहत होत्या. दुपारी जेवताना त्यांनी सायलीला विचारले, "मी चालवली तर चालंल का गं?"

सायलीला माहीत होते की सासूबाईंनी लग्नाआधीपासून ट्रॅक्टर चालवला आहे. मग ती म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तुमचंही नाव देते."

मित्रांनो, पन्नाशीला आलेली बाई, पंजाबी ड्रेस घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून त्या सीटवर बसली, तेव्हा आजूबाजूचे लोक कौतुकाने बघत होते. पहिली फेरी मात्र वाईट गेली. डावीकडे वळले की त्या उजव्या दाराकडे घसरायच्या, उजवीकडे वळले की गिअरकडे. सावरण्यासाठी त्या स्टिअरिंगला लटकायच्या, आणि स्टिअरिंगला लटकले की गाडी नको तिकडे जायची. निम्मे शंकू आडवे झाले. मी त्यांच्या अंगावर होतो, पण सैल होतो. साध्या वळणात माझे चाक अडकत नाही, त्यामुळे त्या घसरायच्या तेवढा मीही सुटत जायचो. मला फार लाज वाटली.

मैदानावर शिकवायला ज्योतीराम नावाचे गृहस्थ असायचे. आवाज मृदू, पण नजर पक्की. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "ताई, स्टिअरिंग वळवायला असतं, धरून बसायला नाही. तुम्हाला धरायचं काम पट्ट्याचं आहे. त्याला ते करू द्या."

मग त्यांनी रीत दाखवली. आधी सीट थोडी मागे सरकवायची. पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवायची. माझा खालचा भाग पोटावर येऊ द्यायचा नाही, तो मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडांवर बसवायचा. वरचा भाग खांद्याच्या मधोमध. मग मला एकदम हिसका द्यायचा. हिसक्याने माझे चाक अडकते. मला तसाच ताणून धरून सीट पुढे सरकवायची. मी आता सुटू शकत नाही, त्यामुळे माणूस आणि सीट जणू एकत्र बांधले जातात. डावा पाय क्लचवर नसेल, तेव्हा शेजारच्या पाय टेकायच्या पट्टीवर दाबून ठेवायचा.

इंदुताईंनी एकदा ऐकले आणि तीनतीनदा करून पाहिले. सुनेला विचारायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. "कंबरेवर बसलाय का बघ गं," असे त्या म्हणायच्या, आणि सायली वाकून माझी कड सरळ करायची. त्या दोघींकडे बघताना मला वाटायचे, अशा घरात आपण आलो हे आपले भाग्य.

दुसऱ्या फेरीत इंदुताईंचे हात मोकळे झाले होते. बोटे स्टिअरिंगवर अलगद होती. गाडी वळली, पण त्या हलल्या नाहीत. नांगराच्या तासाला ट्रॅक्टर जसा सरळ धरावा, तशी त्यांनी ती वाट धरली. एकही शंकू पडला नाही. गाडीतून उतरल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आत्ता गाडी कळायला लागली."

त्यानंतर त्या नेमाने येऊ लागल्या. वर्षभरात त्यांनी बायकांच्या गटात दोनदा पहिला नंबर मिळवला. संत तुकाराम नगरातून मोनिका नावाची एक कॉलेजातली मुलगी यायची. तिचे खांदे घाबरून कानापर्यंत जायचे. इंदुताई तिच्या शेजारी उभ्या राहून तिचा पट्टा ओढून बघायच्या आणि मगच तिला सोडायच्या. आबाजी घरी चेष्टा करायचे, पण बक्षिसाचा कप दिवाणखान्यात दर्शनी भागात ठेवला होता तो त्यांनीच.

आता त्या दिवसाचे सांगतो.

हिवाळ्यातली सकाळ होती. मैदान कोरडे होते. इंदुताईंची शेवटची फेरी चालू होती आणि वेळ फार कमी लागत होता. शेवटच्या उजव्या वळणावर डाव्या बाजूचे पुढचे टायर अचानक रिमवरून निसटले. गाडी घसरत काँक्रीटच्या बाहेर गेली. उघडी रिम कडेच्या भुसभुशीत मुरुमात रुतली. सगळा वेग एका जागी अडला, उजवी चाके उचलली गेली आणि गाडी डाव्या कुशीवर आडवी झाली.

मला विचार करायला वेळ नव्हता. गोळी सरकली, दात अडकले आणि इंदुताईंचे सगळे वजन माझ्यावर आले. जन्मात कधी इतका भार मी घेतला नव्हता. माझे धागे ताणले गेले, कुलपात अडकणाऱ्या माझ्या धातूच्या जिभेपाशी घासून गरम झाले. पण मी सुटलो नाही. खालची बाजू आता काचेच्या चुऱ्याने भरली होती आणि इंदुताई तिच्यावर, हवेत, माझ्या आधाराने लटकत होत्या.

त्या भेदरल्या होत्या. श्वास जोरात चालला होता. तरी त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केले. मग त्यांचा हात माझ्या कुलपाकडे, लाल बटणाकडे गेला. बटण दाबले असते, तर त्या मानेवर खाली आल्या असत्या.

सायली धावत पुढच्या काचेपाशी आली होती. ती गुडघ्यांवर बसली आणि अजिबात न ओरडता म्हणाली, "आई, पट्टा सोडू नका. मी इथंच आहे. पट्ट्याला धरू द्या तुम्हाला."

इंदुताईंनी तिच्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला. सुनेच्या शब्दावर त्या तशाच लटकत राहिल्या. हे सोपे नसते, मित्रांनो. अंगाखाली काही नसताना स्थिर राहायला फार मोठे धैर्य लागते.

मैदानावरच्या माणसांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरली, ती डुलू नये म्हणून. ज्योतीराम डिकीच्या दारातून आत सरपटत आले. त्यांनी इंदुताईंच्या खाली आपला खांदा दिला, त्यांचे पाय नीट टेकवले आणि मग म्हणाले, "आता सोडा, ताई." बटण दाबले गेले. माझे काम संपले होते.

इंदुताई स्वतःच्या पायांनी डिकीच्या दारातून बाहेर आल्या. डॉक्टरांनी तपासून हाड शाबूत असल्याचे सांगितले. खांद्यावर आणि कंबरेवर मात्र माझा जांभळा वळ उमटला होता. आबाजी टँकर अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हवाली करून आले होते. त्यांनी तो वळ पाहिला. मग हळूच म्हणाले, "पट्टा नसता तर?"

"तर हे इचारायला मी समोर नसते," इंदुताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून पट्टा लावल्याशिवाय आबाजींच्या एकाही टँकरचा चालक फाटकाबाहेर पडला नाही, असे मी नंतर ऐकले.

गाडी पिंटूच्या गॅरेजमध्ये आली. पिंटू हुशार कारागीर. त्याने ठोकून पत्रा सरळ केला, काचा बसवल्या. गाडी न्यायला इंदुताई आणि सायली आल्या, तेव्हा माझ्याकडे बघून तो म्हणाला, की बेल्टला तर काहीच झालेले नाही, कशाला बदलता. खरे सांगतो, मलाही तसेच वाटत होते. मला त्या घरातच राहायचे होते.

सायलीने मला पूर्ण ओढून उन्हात धरले. कुलपाजवळ माझी वीण लहरीसारखी झाली होती, आणि एका जागी धागे वितळून काचेसारखे चमकत होते. एकदा एवढा ताण घेतलेला पट्टा पुन्हा तसाच धरेल याची खात्री नसते, हे तिने समजावून सांगितले. पिंटूला ते पटले. नवा पट्टा मागवतो म्हणाला. मग सहज बोलून गेला, "मग हा मला ऱ्हाऊ द्या काकू. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मागं लावून टाकतो. तिथला तुटलाय."

इंदुताईंनी विचारले, "मागं कोण बसतं त्यांच्या गाडीत?"

"पोरं बसत्यात," पिंटू म्हणाला.

मग इंदुताईंनी सीटची कव्हरे कापायची मोठी कात्री मागितली. पिंटूने ती आणून दिली. मला मांडीवर घेऊन त्यांनी एकदा शेवटपासून शेवटपर्यंत माझ्यावरून हात फिरवला.

"लई काम केलंस," त्या मला म्हणाल्या. "आता कुणाला फसवू नगंस."

आणि त्यांनी मला मधोमध कापले.

मित्रांनो, मला दुःख झाले नाही. मी वरून धडधाकट दिसत होतो. कुणीतरी आईने विश्वासाने माझे कुलूप लावून आपल्या लेकराला मागे बसवले असते, आणि वेळ आल्यावर मी कदाचित तुटलो असतो. ज्या बाईला मी धरले, तिनेच मला त्या पापातून वाचवले. एवढा मान क्वचितच एखाद्या पट्ट्याच्या वाट्याला येतो.

तुम्ही गाडीत बसाल, तेव्हा माझ्या भावंडांना पाठीमागे किंवा काखेखाली दडपू नका. पिळा पडला असेल तर सरळ करा, पोटावरून खाली कंबरेवर घ्या, कडांवरून एकदा बोट फिरवा. आणि ज्याने एखाद्या अपघातात कुणाला धरून ठेवले असेल, त्याला निरोप द्या. मधोमध कापा, म्हणजे तो पुन्हा कुणाला फसवणार नाही.