मेन स्विचवरची चिकटपट्टी

मी मुळातच भित्री. लोक कुलूप लावून चालायला लागतात, मी कुलूप ओढून बघते, जिना उतरते, पुन्हा चढून ओढून बघते आणि रिक्षात बसल्यावर विचारते, "बाबा, ओढून बघितलं होतं ना मी?" अशा बाईने घरात भुकेली कोरलं, म्हणजे समुद्रातली जिवंत पोवळी, पाळणं म्हणजे सुखातला जीव दुःखात घालणं.

इतरांची कोरलं उजेडावर जगतात. वर निळा दिवा लावला की त्यांचं पोट भरतं. माझी केशरी कोरलं उजेडाला भीक घालत नाहीत. त्यांना खायला लागतं, थोडं थोडं आणि सारखं. खायला घातलं की पाणी नासतं, म्हणून पाणीही सारखं बदलावं लागतं. उपास घडला तर ती आक्रसून मरतात, जास्त घातलं तर नासलेल्या पाण्यात मरतात. बाबा म्हणायचे, "लेकुरवाळीपेक्षा तुझे हाल वाईट आहेत."

म्हणून मी सगळं यंत्रावर टाकलं. त्यांच्या काचेच्या टाकीखालच्या कपाटात, अगदी जमिनीलगत, एक छोटा फ्रिज आहे. त्यात जवळ्याहून बारीक कोळंबीचं पातळ खाद्य असतं. ते तळाशी बसू नये म्हणून एक चकती ते ढवळत राहते आणि एक पंप ते थेंबाथेंबाने टाकीत सोडतो. दुसरा पंप घाण पाणी काढतो, तिसरा पिंपातलं खारं पाणी भरतो. सगळ्याची खबर माझ्या फोनवर. पडदे ओढून काळोख केला की कोरलांची तोंडं उघडतात आणि अख्खी टाकी झेंडूच्या ताटासारखी दिसते. त्या वेळी मात्र माझी सगळी भीती फिटते.

हे सगळं चालतं विजेवर. आणि घरात बाबा आहेत.

आमचे बाबा, विश्राम प्रधान, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाले. कोपरीतल्या या घरात आल्यापासून बाहेरगावी जाताना घर बंद करायचं काम त्यांचंच. आधी दाराजवळचा मेन स्विच खाली. मग गॅस. मग नळ, खिडक्या, देवाला नमस्कार, कुलूप. यात ते विचार करत नाहीत, त्यांचा हातच पुढे पुढे जातो. हल्ली ते चष्मा डाळीच्या डब्यात ठेवून घरभर शोधतात. आई गेली हे विसरून एकदा दोन कप चहा करून बसले होते. पण घर बंद करताना त्यांचा हात कधी चुकला नाही, आणि मी त्याच एका गोष्टीवर भरवसा ठेवून होते. डॉक्टरांकडे जायचं मी पुढे ढकलत होते. डॉक्टर काय म्हणतील ते मला ऐकायचं नव्हतं.

रखमाआत्याच्या नातीचं बारसं निघालं, खडवलीला. एक रात्र राहायचं होतं. टाकी आणल्यापासून आम्ही दोघं एकदम घराबाहेर कधीच पडलो नव्हतो. मी खाद्य भरलं, पिंप भरलं, पंप तपासले, कोरलांसाठी खिडक्या लावून पडदे ओढले आणि शेवटी मेन स्विचवर लाल चिकटपट्टी मारली, थरावर थर.

"बाबा, याला हात लावायचा नाही. काय?"

"कळलं."

"नाहीतर सगळी मरतील."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? किती वेळा सांगशील?"

निघताना मी दाराबाहेर बॅगा घेऊन उभी होते. बाबा सवयीने स्विचपाशी गेले. हात वर गेला. पट्टी दिसली, तसा हात तिथेच थांबला. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले, एखाद्या खोलीत येऊन कशाला आलो ते विसरलेल्या माणसासारखे. मग वळले, म्हणाले, "चल," आणि मी बॅगा जिन्यापाशी नेऊन ठेवेपर्यंत कुलूप लावलं. मला इतकं बरं वाटलं की मी कुलूप एकदाच ओढून बघितलं.

खडवलीला पोचलो, पाळणा सजवून झाला, बायका नावं सुचवायला लागल्या आणि मी फोन उघडला. टाकीच्या जागी राखाडी चौकोन. संपर्क नाही. पुन्हा उघडला, तेच. पंप बंद असले तर पाणी हलत नसेल, आणि फ्रिज बंद असला तर ते खाद्य या उकाड्यात सडायला लागेल. कोरलांचं काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

बाबा ओसरीवर पुरुषमंडळींत बसले होते. मी सरळ तिथेच गेले.

"बाबा, मेन बंद केलात?"

"नाही."

"पट्टी काढलीत का?"

"नाही म्हटलं ना."

"खरं सांगा, मी रागावणार नाही."

आत्या मागून आली. "अगं ए, बापाची उलटतपासणी घेतेस चारचौघांत? लाज वाटत नाही?"

वाटत होती. पण माझा बाबांवर विश्वास बसत नव्हता, हेही खरं. डाळीच्या डब्यातला चष्मा आठवत होता. मी अंगणात जाऊन शेजारच्या सोनलला फोन लावला. आमची जादा चावी तिच्याकडे असते.

"सोनल, जरा आमच्याकडे जाऊन बघशील? लाईट आहे की नाही तेवढंच. बटण दाबून बघ आणि मला सांग."

"जाते ना ताई. छोटीला भरवतेय, तेवढं झालं की तिला घेऊनच जाते. तिला तुमचे फिश बघायचेच असतात."

टाकीत एकही मासा नाही. पण हे मी सांगायचं कधीच सोडून दिलंय.

आत पानं मांडली होती. मी बाबांच्या शेजारी बसले. इतक्यात स्वयंपाकघरातून गलका झाला.

"दूध उतू गेलं!"

"जाऊ दे गं," आत्या हसली. "बारशाच्या दिवशी उतू गेलं, शुभच झालं!"

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"क्षिप्रा, दूध."

"कसलं दूध?"

"मी ठेवलं होतं. गॅसवर. बारीक करून."

"मग बंद केलंत ना?"

"मेननंतर गॅस असतो," बाबा म्हणाले. "मेन केलाच नाही ना गं. तू सांगितलंस हात लावू नका."

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं. दूध उतू गेलं असणार, बर्नर विझला असणार. सकाळपासून गॅस वाहत होता, बंद घरात, ओढलेल्या पडद्यांआड. हा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो. माझा फ्रिज जमिनीलगतच आहे. तो मधूनमधून खट्कन सुरू होतो. पंपही तसेच. मी हौसेने लावलेलं प्रत्येक यंत्र ठरल्या वेळी एक ठिणगी पाडायला मोकळं होतं.

आणि मी सोनलला सांगितलं होतं, बटण दाबून बघ.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिने फोन घरातच ठेवला असणार, तिच्या एका हातात चावी आणि दुसऱ्या हाताशी छोटी. मला ती जिन्याच्या पॅसेजमधून जाताना दिसत होती. वॉचमनचा नंबर मला सापडेना. आत्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि शोधून दिला.

"धोंडिबा, आमच्या घरात गॅस पसरलाय. मीटर रूममध्ये पळा. आमचा मेन खाली ओढा. आधी ते!"

"ताई, पण तुमचे मासे? तुम्हीच तर म्हणालेल्या, लाईट गेली तर..."

"मरू देत! ओढा आधी!"

फोनवर त्याच्या चपला वाजल्या. लोखंडी दार करकरलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग एक खटका.

"ओढला."

"आता वर पळा. सोनल आत असेल, तिला बाहेर काढा. बेल वाजवू नका, हाका मारा. फोन बंद करून जा."

फोन बंद झाला. अंगणात मी उभी होते, बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, खरकट्या हाताने. आत बाळाला कोणीतरी ओव्या म्हणत जोजवत होतं. त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. कोरलांची आठवण मात्र एकदाही आली नाही.

फोन वाजला. सोनल होती, स्वतःच्या घरातून.

"ताई, अहो तुमच्याकडे लाईटच नाहीये. मी दोनदा बटण दाबलं. आणि कसला घाण वास मारतोय! छोटी शिंकायलाच लागली. तेवढ्यात धोंडिबा ओरडत आले, त्यांनीच मग रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. काय झालंय?"

दोनदा बटण दाबलं. हे वाक्य अजूनही मधेच कानात वाजतं, भाजी चिरताना, ऑफिसात, कुठेही.

फोनवरचा राखाडी चौकोन कशामुळे होता? बिल्डिंगची इंटरनेटची केबल कोणीतरी तोडली होती. धोंडिबाने मेन ओढेपर्यंत वीज चालूच होती. बाबा खरंच बोलत होते.

कोरलं बरीचशी वाचली. कडेचा एक झुपका गेला. बाकीची आक्रसून बसली होती, ती हळूहळू उघडली. मी पट्टी खरवडून काढली आणि वायरमनला बोलावलं. जुना मेन स्विच त्याने आतल्या खोलीत हलवला. त्या जागी मी तसाच दुसरा स्विच बसवून घेतला, ज्याला एकही वायर जोडलेली नाही. नुसता खटका.

बाबांपासून मी लपवलं नाही. "हा खोटा आहे," मी म्हटलं. "तुमच्या हातासाठी." त्यांनी तो खालीवर करून बघितला. "आवाज तसाच आहे," म्हणाले.

परवा नौपाड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. तासाभराचंच काम, पण बाबा म्हणाले, घर नीट बंद करून जाऊ. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. खट्. खोटा स्विच खाली. आता गॅस, मग नळ. काहीच आवाज येईना. मी दार ढकललं.

बाबा स्विचपाशीच उभे होते, हात अजून त्याच्यावर.

"क्षिप्रा," ते म्हणाले, "याच्यापुढे काय असतं गं?"